गळ्यापर्यंत भरलेली टाकी

ज्योत्स्नाबेनचा फोन आला तेव्हा मी बडोद्यात, गोत्रीच्या माझ्या फ्लॅटमध्ये ताक घुसळत होते. छाणीला दादाच्या शेजारच्या टेनामेंटमध्ये त्या राहतात. एरवी फोन केला की आधी तब्येत, मग पाणी आलं का, मग भाजीचे भाव, असं सगळं झाल्यावर मुद्द्यावर येणाऱ्या बाई. त्या दिवशी त्यांनी "बेन, तमे आवी जाओ" एवढंच म्हटलं. काय झालं, असं मी विचारलं नाही. चपला घालून खाली उतरले, रिक्षा केली, आणि निझामपुरा मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की छाणीला मी आजवर कधी एकटी गेलेच नव्हते. दर वेळी दादा गाडी घेऊन मला न्यायला यायचा. रिक्षावाल्याला रस्ता सांगतानासुद्धा मी अडखळत होते... गाडीत बसून मी कधी रस्त्याकडे पाहिलंच नव्हतं, आम्ही बोलतच असायचो.

दादा हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसलेला होता. सकाळचा चहा पिऊन कप खाली ठेवला होता आणि मान एका बाजूला कलली होती, इतकंच. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. त्याला आता दीडेक महिना होतोय. लोक भेटायला आले, गेले. पुण्याहून त्याचा मुलगा निखिल आला, सगळं त्याने केलं. मी दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर इथल्या शाळेत मराठी शिकवलं, आणि गेली काही वर्षं माझा आठवडा रविवारी सकाळी खाली वाजणाऱ्या त्याच्या हॉर्नने सुरू व्हायचा. त्या रविवारांबद्दल लिहावं असं वाटलं.

आमचे वडील रेल्वेत होते. क्वार्टर्समध्ये आम्ही वाढलो. लहानपणापासून दादाचं नाक हा घरात चेष्टेचा आणि सोयीचा विषय होता. दूध उतू जाण्याच्या आधी तो अभ्यासातून उठून स्वयंपाकघरात जायचा. आई गव्हाच्या डब्यावर त्याला वाकायला लावायची आणि गव्हाला कीड लागली आहे की नाही ते तो सांगायचा. बाहेरून आल्यावर दारातच म्हणायचा, "काकू येऊन गेल्या का ग?" आणि काकू खरंच येऊन गेलेल्या असायच्या, त्यांच्या डोक्याला लावायच्या तेलावरून त्याने ओळखलेलं असायचं. पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तो बाजव्याकडे रिफायनरीच्या प्रयोगशाळेत लागला, तेव्हा वडील म्हणाले होते, नाकाला नोकरी मिळाली. तिथे म्हणे वास घेऊन बघायला सक्त मनाई असते, सगळं यंत्रं सांगतात. पण बाटलीचं बूच निघालं की दादाला नमुना ताजा की शिळा हे आधी कळायचं आणि यंत्र ते नंतर सांगायचं. संध्याकाळी घरी आला की त्याच्या शर्टाला रॉकेलसारखा एक मंद वास असायचा. शैलावहिनी ते शर्ट वेगळे भिजवायची आणि वेगळे भिजवताना रोज तेच पुटपुटायची. ती गेल्यावर एकदा दादा म्हणाला होता, आता शर्ट सगळ्या कपड्यांत भिजवतो, कुणी ओरडत नाही.

वहिनी गेल्यानंतरच आमचे रविवार सुरू झाले. तो छाणीहून यायचा, आम्ही आधी सेव-उसळ खायला जायचो, आणि मग जायला कुठलंच ठिकाण नसायचं, म्हणून गाडी जाईल तिकडे जायचो. बहुतेक वेळा ती बाजव्याकडेच जायची. रेल्वे फाटकाच्या अलीकडे एका झाडाखाली तो गाडी उभी करायचा. लांबवर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत दिसायची. तो काच खाली करून वारा आत घ्यायचा आणि निवृत्त माणूस पेपर वाचतो तसा वास वाचायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी शेंगदाणे सोलून त्याच्या हातावर ठेवायचे.

मग कोरोनाची साथ आली. दादालाही ताप येऊन गेला, दवाखान्यात ठेवावं लागलं नाही, बरा झाला. पुन्हा भेटायला लागलो तेव्हा तो थोडा वाळला होता, बाकी तसाच होता. माझ्याकडे जेवायला बसला की "वा, काय वास सुटलाय" असं म्हणायचा. पूर्वी तो असं कधी म्हणत नसे. पूर्वी तो म्हणायचा, "हिंग बदललास का?" हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता, पण आपलं माणूस कौतुक करतंय म्हटल्यावर कोण कशाला खोलात जातं...

आणखी एक गोष्ट बदलली होती. पेट्रोल भरायला गेलो की तो आता गाडीतून उतरायचा आणि टाकीच्या तोंडापाशी जाऊन उभा राहायचा. नळी आपोआप खट् करून बंद झाली तरी पंपावरच्या माणसाला म्हणायचा, "हजी थोडू." त्याने थोडं घातलं की आणखी थोडं. अगदी गळ्यापर्यंत. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला भरलेली टाकी बरी वाटत असेल.

एका रविवारी असंच पेट्रोल भरलं आणि गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसती घरघर. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी ती एकदाची हादरे देत सुरू झाली, पुढे गेलो, आणि पेट्रोलचा असा भपकारा आत आला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदर नाकाला लावला. दादा शांतपणे गाडी चालवत होता.

"अरे, केवढा वास येतोय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एक दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाला, "हो. येतोय थोडा."

थोडा? पदरातूनही तो झोंबत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत सांगितलं, की तापानंतर त्याला वास येत नाही. कशाचाच नाही. उदबत्तीचा नाही, करपल्याचा नाही, स्वतःच्या घामाचाही नाही. सगळ्यांना परत येतो तसा आपल्यालाही येईल म्हणून तो वाट बघत राहिला होता. लोकांना आला. त्याला आला नाही. "निखिलला सांगू नकोस," तो म्हणाला. "तो घाबरेल, आणि मग मला घाबरवेल."

पण निखिलला सांगायची वेळच आली नाही. दिवाळीला तो आला, गाडी स्वतः घेऊन गेला, पेट्रोल भरलं, आणि त्याच्या बाबतीतही तेच झालं. घरी आला तो पांढराफटक पडला होता. "बाबा, एवढा वास येतोय आणि तुम्ही ही गाडी फिरवताय?" असं म्हणताम्हणता त्यालाच उमगलं. निखिल वाईट मुलगा नाही. तो ओरडला नाही. हिंचक्यावर दादाशेजारी बसून त्याने विचारलं, की उद्या घरात गॅस गळला तर तुम्हाला कळणार कसं? मग निखिलने सांगून टाकलं, की गाडी विकायची, चालवणं बंद, कुठे जायचं तर रिक्षा. मी दारात उभी होते. रिक्षाने दादा मला भेटायला आला असता, नाही असं नाही. पण दोन भावंडांनी रिक्षा करून बाजव्याच्या झाडाखाली जाऊन बसायचं, असं काही झालं नसतं, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. दादा म्हणाला, "दोष काय आहे ते तरी सापडू दे. उत्तरायणाला तू येशील तेव्हा ठरवू." उत्तरायण म्हणजे संक्रांत, तोवर दोनेक महिने होते. निखिलने नाइलाजाने मान डोलावली.

छाणीला दादाच्या घरापासून जवळच हर्षदभाईंचं छोटं गॅरेज आहे. दादाची गाडी ते कित्येक वर्षं बघत होते. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता, म्हणून त्यांनी आपलं यंत्र जोडून पाहिलं. यंत्राने सांगितलं, पेट्रोलची वाफ जिथून जाते त्या भागात काहीतरी बिघाड आहे. बहुतेक वेळा टाकीचं झाकण नीट बसत नसतं, म्हणून त्यांनी झाकण बदललं. दिवा गेला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं, तिथे त्यांनी पेट्रोलचा पंप, टाकीतलं सगळंच बदलायला सांगितलं. दादा गाडी परत घेऊन आला. नमुना न तपासता निकाल देणारी माणसं त्याला कधीच आवडली नाहीत.

त्या दिवसांत दादा पुन्हा नोकरीवर जायला लागल्यासारखा दिसायचा. फोनवर आम्ही त्याच विषयावर बोलायचो. पंप खराब असता तर गाडी रोजच रुसली असती, तो म्हणायचा. ही फक्त पेट्रोल भरल्यावर का रुसते? मला त्याने ते समजावलं, आणि शाळेतल्या कुठल्याही मुलाला मी इतकं सोपं समजावून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती हवेत सोडायची नसते, म्हणून गाडीत कोळशाने भरलेला एक डबा असतो. कोळसा ती वाफ पिऊन ठेवतो. गाडी चालून तापली की एक बारीकसा वाल्व उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. गाडी बंद असताना, थंड असताना तो वाल्व मिटलेला हवा. आता टाकीत पेट्रोल ओतलं की आतली सगळी वाफ बाहेर ढकलली जाते. वाल्व मिटत नसेल, तर ती थेट इंजिनात शिरेल, आणि सुरू करायच्या वेळी इंजिन गुदमरेल. "जास्त खाल्लेल्या माणसाला जिना चढायला सांगितल्यासारखं," तो म्हणाला.

हे त्याने हर्षदभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तसं असेल तर बघायला सोपं आहे, गाडी रात्रभर इथेच थंड होऊ द्या आणि सकाळी या. दादा आदल्या संध्याकाळीच मला न्यायला आला आणि छाणीला पोहोचल्यावर त्याने गाडी गॅरेजमध्ये ठेवली. मी म्हटलं, माझं तिथे काय काम? तर म्हणाला, "नाक कुणाचं आहे?"

सकाळी गॅरेजमध्ये गेल्यावर त्याने मला गाडीभोवती फिरायला लावलं. मागे टाकीपाशी, चाकांपाशी, मग बॉनेट उघडून तिथे. वास कुठे जास्त आहे? मी म्हटलं, इथे, पुढे. कसा आहे? मी म्हटलं, पेट्रोलसारखा. त्यावर त्याने मान हलवली. कच्च्या पेट्रोलसारखा की जळलेल्या? गोडसर की झोंबणारा? आयुष्यभर मुलांना विशेषणं शिकवलेली मी, तिथे ग्रीसच्या डागांत उभी राहून शब्द शोधत होते. शेवटी म्हटलं, झोंबणारा, कच्चा, आणि त्यात थोडा नवीन रबरी चपलेचा. दादाचा चेहरा उजळला. हर्षदभाई हसू दाबत होते.

मग हर्षदभाईंनी गाडी सुरू केली. इंजिन अजून थंड होतं. एका मुठीत मावेल अशा काळ्या वाल्ववरची, डब्याकडून येणारी बारीक नळी त्यांनी ओढून काढली आणि दादाला खूण केली. दादाने वाल्वच्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं. वाल्व चांगला असता तर काहीच व्हायला नको होतं.

"ओढतंय," तो म्हणाला. अगदी हळू. मग माझा हात धरून माझं बोट त्याने तिथे ठेवलं. बाळ तोंडात बोट घेतं तसं ते चिकटलं. आणि बोटाने तोंड झाकल्याबरोबर तोवर हिंदकळत चालणारं इंजिन शांत, एका सुरात चालायला लागलं. हर्षदभाईंनी गाडी बंद करून वाल्व काढला, फुंकून पाहिला. विजेची तार जोडलेली नसताना फुंकर पलीकडे जायला नको. ती सरळ पलीकडे गेली. त्यांनी वाल्व दादाच्या तळहातावर आपटला, आणि आतून काळे, मोहरीसारखे कण पडले. कोळसा. डब्यातला कोळसा फुटून इथवर आला होता आणि त्याने वाल्वचं तोंड मिटू दिलं नव्हतं. हर्षदभाई म्हणाले, डब्यात वाफ जायला हवी, पण टाकी जास्त भरली की पेट्रोलच जातं, कोळसा भिजतो आणि कालांतराने फुटतो. त्यांनी सहज विचारलं, "साहेब, टाकी उपर सुधी भरावो छो?"

दादा तळहातावरच्या त्या काळ्या कणांकडे बघत उभा होता. डबा आणि वाल्व दोन्ही बदलायला सांगून आम्ही पायीच त्याच्या घराकडे निघालो. कोपऱ्यावर आल्यावर तो बोलला.

"पेट्रोल ओततात ना, तेव्हा अगदी गळ्याशी आलं की वास सगळ्यात जास्त असतो. मला वाटायचं, तिथे तरी येईल. म्हणून अजून थोडं, अजून थोडं..."

मी त्याचा हात धरला. लहानपणी शाळेत जातानाही आम्ही कधी हात धरून चाललो नव्हतो, त्याला लाज वाटायची. त्या दिवशी त्याने हात सोडवला नाही. दारापाशी आल्यावर म्हणाला, "निखिलला एवढंच सांगू, की वाल्व बिघडला होता."

उत्तरायणाला निखिल आला. सगळं गाव गच्च्यांवर पतंग उडवत होतं आणि आम्ही तिघं पंपावर होतो. नळी खट् करून बंद झाली, दादा गाडीतच बसून होता. निखिलने किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, वासाचा मागमूस नाही. मग निखिल म्हणाला, घरात गॅस गळला की वाजणारा भोंगा बसवून घ्यायचा आणि गाडी चालवायची ती आत्या शेजारी असेल तरच. दादाने लगेच कबूल केलं. मला न्यायला येताना तो एकटाच यायचा, हे आम्ही दोघांनीही निखिलच्या लक्षात आणून दिलं नाही.

त्यानंतरचे रविवार वेगळे होते. काच खाली केली की दादा विचारायचा, "काय येतंय?" आणि मी सांगायचे. नुसतं छान किंवा घाण म्हटलेलं त्याला चालत नसे. आंबूस, कुबट, खवट, उग्र, हे शब्द तो एकेक करून तपासायचा. हिरवट म्हणजे गवतासारखा की चिरलेल्या दुधीसारखा? मी डोळे मिटून सांगायला लागले. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी नाकाने फक्त श्वास घेत होते. बडोद्याच्या रस्त्यांवर सकाळी कुठे मस्का-बन भाजतात, कुठल्या सोसायटीत फिनेलने जिने पुसतात, धुतलेल्या ताडपत्रीला ऊन लागलं की कसा वास येतो, हे मला साठी उलटल्यावर त्याच्यासाठी शोधावं लागलं. तो ऐकताना मान थोडी पुढे करायचा. कधीकधी म्हणायचा, "हां, आला." म्हणजे आठवला.

शेवटच्या रविवारी आम्ही बाजव्याला झाडाखाली होतो. मी शेंगदाणे सोलत होते, काही बोलत नव्हते. अचानक दादा म्हणाला, "पाला जळतोय."

मी मान वर केली. खरंच, वाऱ्यावर अगदी पुसटसा जळक्या पाल्याचा वास होता. मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. आजूबाजूला पाहिलं, पण शेकोटी कुठे दिसत नव्हती. पलीकडच्या भिंतीमागून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. ती त्याने पाहिली होती का, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तो काच खाली करून, मान पुढे करून बसला होता... चार दिवसांनी ज्योत्स्नाबेनचा फोन आला.

गेल्या आठवड्यात निखिल पुण्याला परत गेला, दादाची गाडी घेऊन. मी निरोप द्यायला छाणीला गेले होते. निघण्याआधी पेट्रोल भरू म्हणून आम्ही पंपावर गेलो. नळी बंद झाल्यावर पंपावरच्या माणसाने विचारलं, अजून घालू का? निखिल म्हणाला, नको, हर्षदभाई सांगत होते, बाबांना गळ्यापर्यंत भरायची सवय होती, त्यानेच गाडी मागे बिघडली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो हसून म्हणाला. आणि मला राहवलं नाही. दादा टाकीपाशी जाऊन का उभा राहायचा, हे मी त्याला सांगितलं.

निखिल टाकीचं झाकण हातात घेऊन उभा राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी तो हलला नाही. मग त्या उघड्या तोंडाशी वाकला, एकदा श्वास घेतला, आणि झाकण फिरवून बंद केलं. "मला सांगितलं का नाही आत्या त्यांनी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, तू घाबरला असतास. तो माझ्या पाया पडला, गाडीत बसला आणि गेला. ती हायवेला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते.

मग रिक्षा केली. या वेळी रस्ता मला माहीत होता. निझामपुऱ्याच्या अलीकडे रिक्षा हळू झाली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मेथीचे गोटे. तेल आजचंच आहे. ओवा जास्त झालाय."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. त्याला वाटलं, मला हवे आहेत. "ऊभी राखुं, बेन?" त्याने विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत रिक्षा कडेला घेतली. लारीवर, म्हणजे हातगाडीवर, एक बाई कढईत मेथीच्या भज्यांचं पीठ सोडत होती. मी उतरले नाही. पैसेही काढले नाहीत. त्याला म्हटलं, भाई, जरा थांबा. तो काही न विचारता थांबला, आणि घाणा उतरेपर्यंत मी तशीच डोळे मिटून बसून राहिले.